क्लिपा लावायच्या पानांबद्दल: वाचनगटाच्या समितीस खुलं पत्र

वाचनगटाच्या निवड समितीस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या बैठकीसाठी मी सुचवलेलं 'शॉर्टकमिंग्ज' हे पुस्तक समितीने नाकारलं, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. निरोपाखाली जोडलेल्या हातांचं चित्र होतं. फोन करून कारण विचारलं, तर एकाऐवजी तीन मिळाली. चित्रांचं पुस्तक आहे, विषय आपला नाही, आणि काही पानं चारचौघांत उघडण्यासारखी नाहीत. तिसऱ्या अडचणीवर एका काकांनी तोडगाही काढला होता म्हणे: त्या पानांना क्लिपा लावायच्या आणि मग पुस्तक फिरवायचं. मी फोनवर हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही.

म्हणून हे पत्र. ते गटात न टाकता सगळ्यांपुढे ठेवते आहे, कारण आपल्यासारखे गट न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत जागोजागी आहेत आणि क्लिपा तिकडेही मिळतात.

ज्यांनी पुस्तक पाहिलेलंच नाही (समितीतल्या दोघांनी पाहिलेलं नाही, हे मला माहीत आहे), त्यांच्यासाठी आधी थोडं. एड्रियन टोमीने यांचं 'शॉर्टकमिंग्ज' हे पुस्तक २००७ साली मॉन्ट्रियलच्या 'ड्रॉन अँड क्वार्टर्ली'ने काढलं. त्याआधी ते टोमीने यांच्याच 'ऑप्टिक नर्व्ह' या कॉमिक मालिकेत तीन अंकांत येऊन गेलं होतं. सुमारे शंभर पानं, सगळी काळीपांढरी. मराठीत नाव द्यायचं तर 'उणिवा' म्हणता येईल. इंग्रजी नावात एक चावट कोटीही दडलेली आहे. ती समितीला समजावून सांगायचं काम मी करणार नाही, आपापल्या मुलांना विचारा.

गोष्ट बर्कलेत सुरू होते, म्हणजे आपल्या फ्रीमॉन्टहून बार्टच्या लोकल गाडीत बसलं तर गाडी न बदलता पोचता येईल अशा गावात. बेन तानाका तिथे एका सिनेमा थिएटरचा मॅनेजर आहे. वय तिशीच्या आसपास, वंशाने जपानी, वागण्याबोलण्याने पक्का कॅलिफोर्नियाचा. त्याची मैत्रीण मिको हायाशी आशियाई-अमेरिकन चित्रपट महोत्सवाच्या कामात आहे. आणि जिवाभावाची म्हणावी अशी एकच दोस्त, अ‍ॅलिस किम. ती कोरियन घरातली, तिला मुली आवडतात, आणि हे तिच्या आईवडिलांना माहीत नाही. मिको कामाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला जाते. मागे राहिलेला बेन आधी एका गोऱ्या मुलीच्या मागे लागतो, मग दुसरीच्या. दोन्हीकडे हात हलवत परततो. शेवटी अ‍ॅलिसच्या सांगण्यावरून न्यूयॉर्क गाठतो, आणि तिथे मिकोच्या घरात दुसराच कोणी आहे हे त्याला कळतं. कथानक म्हणाल तर एवढंच. खून नाही, अपघात नाही, कोणाची स्मृती जात नाही.

सुरुवातीच्याच प्रसंगात मला बेन पटला, हे आधी कबूल करते. महोत्सवातला एक गोडगोड, आजोबा-नातीच्या ओलाव्याचा सिनेमा संपतो, टाळ्या पडतात, आणि बेन घरी जाताना मिकोचं डोकं खातो. सिनेमा भिकार होता, केवळ 'आपल्या माणसाने' केला म्हणून एवढं कौतुक कशाला, असा त्याचा मुद्दा. मंडळाच्या एकांकिका स्पर्धेनंतर गाडीत आमच्या घरी दरवर्षी हेच संभाषण होतं. तुमच्याही घरी होत असणार. स्टेजसमोर मात्र आपण सगळे उभे राहून टाळ्या वाजवतो.

आता चित्रांबद्दल. मी कुडाळची. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीबद्दल तुम्हाला मी सांगायला नको, कारण परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्याच गटात फुलांच्या गुच्छांचा पाऊस पडला होता आणि 'आपली थोर परंपरा' हे शब्द मी निदान सहा वेळा वाचले. चित्रकथी म्हणजे काय? सुट्या कागदांवर काढलेली चित्रं, त्यांची पोथी, आणि एकेक चित्र समोर धरून सांगितलेली रामायण-महाभारतातली गोष्ट. ऐकायला म्हातारेकोतारेही बसत. ही पोरांची करमणूक आहे, असं तिथे कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. चित्रातली गोष्ट पोरांची, हा शोध आपल्याला शाळेत लागला असावा. पहिलीच्या पुस्तकात चित्रं, दहावीच्या पुस्तकात अक्षरं, म्हणजे चित्रं कमी होत गेली की माणूस हुशार होत जातो, असला काहीतरी हिशेब. नाझी छळछावण्यांवरच्या 'माऊस' या चित्रकादंबरीला १९९२ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरची 'भीमायन' गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी काढली. दोन्ही पुस्तकं दहा वर्षांच्या पोराच्या हातात देऊन आपण जेवायला बसू शकत नाही.

टोमीनेची रीत मात्र चित्रकथीच्या उलटी आहे आणि मला तीच फार आवडली. चित्रकथीत गाणारा सगळं सांगतो: कोण रडतंय, का रडतंय, पुढे काय होणार. इथे गाणारा कोणी नाही. ठाकराने चित्र समोर धरावं आणि गप्प बसावं, तसं. निवेदन नाही. मनातलं सांगणारे ढगासारखे फुगे नाहीत. माणसं बोलतात तेवढंच आपल्याला ऐकू येतं, बाकीचं भुवईवरून, खांद्यावरून ताडायचं. एका चौकटीत बेन काहीतरी लागट बोलतो. पुढच्या चौकटीत मिको नुसती बघते. एक शब्द नाही. ती चौकट वाचायला अर्धा सेकंद पुरतो, पण मी तिथे किती तरी वेळ थांबले. कादंबरीत त्या जागी 'ती क्षणभर स्तब्ध झाली' असं वाक्य आलं असतं आणि मी सरसर पुढे गेले असते.

(२०२३ साली याचा सिनेमाही आला, रँडल पार्क यांनी केलेला, पटकथा टोमीनेचीच. सिनेमाच बघू, दोन तासांत काम होईल, असं कोणीतरी म्हणेलच. बघा जरूर. पण पडद्यावरची शांतता दिग्दर्शक संपवतो, पानावरची आपण.)

'विषय आपला नाही' हे दुसरं कारण. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

जपान्यांच्या भानगडी आपण कशाला वाचायच्या, असं एका ताईंनी विचारलं. ताई, आपण शिवजयंती १९ फेब्रुवारीला करतो. तीच तारीख इथल्या जपानी अमेरिकनांचा स्मरणदिन आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली आणि त्या हुकुमाखाली पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. टोमीनेचे आईवडील दोघेही लहानपणी त्या छावण्यांत होते. आई, सात्सुकी इना, यांचा तर जन्मच टूली लेकच्या छावणीतला. पुढे त्या मानसोपचारतज्ज्ञ झाल्या आणि छावण्यांत बालपण गेलेल्यांच्या मनावरच्या ओरखड्यांवर त्यांनी काम केलं. 'शॉर्टकमिंग्ज'मध्ये या इतिहासावर भाषण नाही. पण आपल्या चेहऱ्याबद्दलचा कुठलाही विषय निघाला की बेन त्यातून अंग काढून घेतो. त्या अंग काढण्यामागे काय असेल, याचा विचार मी छावण्यांबद्दल वाचल्यावर करायला लागले.

आणि १९ फेब्रुवारी एवढ्यावर संपत नाही. त्याआधी १९ वर्षं, बरोबर याच तारखेला, १९२३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या पंजाबी शीख माणसाच्या खटल्याचा निकाल दिला. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' परदेशी माणसालाच मिळत असे. (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वेगळी तरतूद होती, मधले सगळे लटकलेले.) तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज त्याच न्यायालयाने फेटाळला होता: तू कॉकेशियन वंशाचा नाहीस, म्हणून गोरा नाहीस. थिंद म्हणाले, मग मी तर शास्त्राप्रमाणे कॉकेशियन, आर्य. न्यायालय म्हणालं, असशील, पण रस्त्यावरचा सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. जपान्याला शास्त्र लावून काढलं, आपल्याला शास्त्र सोडून काढलं. विषय आपला नाही?

अजून आहे. थिंद यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. ते नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. लॉस एंजेलिसला वकिली करणारे, १९१४ सालीच नागरिकत्व मिळालेले, बायको गोरी अमेरिकन. थिंद हरल्यावर सरकार स्वतः पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. त्या काळच्या कायद्याने नवऱ्याचं गेलं की त्यांच्या बायकोचंही जाणार होतं. पंडितांनी स्वतःचा खटला लढवला आणि जिंकला. इथपर्यंत वाचताना छाती कशी फुगून येते. पण थिंद यांच्या बाजूने न्यायालयात जो युक्तिवाद झाला, त्यात एक वाक्य असं होतं, की उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळच्या रहिवाशांकडे, लग्नसंबंधाच्या दृष्टीने बोलायचं तर, अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो तसाच पाहतो. म्हणजे बघा, आम्हीही तुमच्यासारखेच आहोत, आम्हालाही खाली बघायला कोणीतरी आहे, आम्हाला आत घ्या.

लग्नसंबंधाच्या दृष्टीने बोलायचं तर.

शंभर वर्षं झाली त्या वाक्याला. आता तिसऱ्या कारणाकडे, म्हणजे क्लिपांकडे येते.

ज्या पानांवर तुमचा आक्षेप आहे, त्यांच्या मुळाशी बेनच्या घरातला एक खण आहे. मिकोला त्यात तसल्या सिनेमांच्या डीव्हीडी सापडतात. त्या सापडल्या याचं तिला फारसं काही वाटत नाही. तिला टोचतं ते हे, की त्यातल्या सगळ्या बायका गोऱ्या आहेत. ती विचारते. बेनकडे उत्तर तयार असतं. बेनकडे नेहमीच उत्तर तयार असतं. रंगाचा याच्याशी काही संबंध नाही, तूच उगाच प्रत्येक गोष्टीत वंश आणतेस, वगैरे. नंतर त्याचे डोळे रस्त्यावर, थिएटरात, पार्टीत कोणावर खिळतात, हे टोमीने न बोलता दाखवत जातो. आणि मिकोलाही टोमीने सोडत नाही. न्यूयॉर्कला तिने ज्याच्याबरोबर घर मांडलंय, तो जपानी बोलणारा एक गोरा माणूस. मग बेन त्याच्यावर तोच आरोप करतो, जो मिकोने बेनवर केला होता. कोण बरोबर, याचा निकाल पुस्तक देत नाही. खण काढून टाकला तर या पुस्तकात एका चिडक्या मुलाचा प्रेमभंग उरतो, आणि तसली पुस्तकं आपल्या कपाटात पुष्कळ आहेत.

आमच्या घरातला खण सांगते. लेकीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, माझं नाव घालू नकोस, बाकी लिही.

आमच्या थोरल्याने सहा वर्षांपूर्वी लग्न केलं. सून मिनेसोटाची, सोनेरी केस, निळसर डोळे. तुम्ही सगळे आला होतात. लेझीम झालं, तिला पैठणी नेसवली, 'नऊवारीत काय गोड दिसते हो' म्हणून तिचे फोटो रत्नागिरीपासून सिडनीपर्यंत फिरले. ती कॉलेज अर्धवट सोडून कुत्र्यांना आंघोळी घालायच्या दुकानात काम करत होती. यावर कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. 'प्राण्यांची फार आवड आहे तिला,' असं मी सांगत फिरले, आणि ते खरंही आहे. गुणाची पोर आहे. मला आंबोळ्या तिच्यासारख्या जमत नाहीत आता.

गेल्या दिवाळीत लेक करंज्या तळता तळता म्हणाली, आई, माझा एक मित्र आहे, ऑकलंडचा, हॉस्पिटलात काम करतो, ब्लॅक आहे. माझ्या हातातला झारा थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण त्या घाण्यातल्या करंज्या काळ्या झाल्या. मग माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, 'शिकलाय कुठवर?'

लेक म्हणाली, 'वहिनीला विचारलं होतंस?'

पुढचा आठवडाभर माझ्याकडे उत्तरं होती. आईने शिक्षण विचारू नये का? मुलगी आहे म्हणून काळजी वाटते. जग कसं आहे तुला माहीत नाही. एकसुद्धा उत्तर खोटं नव्हतं, तीच तर त्यांची गंमत. समितीतल्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, 'होईल गं, थोडे दिवस जाऊ देत, उतरेल.' जणू ताप होता. थोरल्याच्या वेळी ती म्हणाली होती, 'आजकाल हे चालायचंच, जग जवळ आलंय.' जग नेमकं कोणत्या दिशेने जवळ येतं, हे मला तेव्हा कळलं.

लेक थँक्सगिव्हिंगला आली, तेव्हा जाताना हे पुस्तक ओट्यावर ठेवून गेली. एक शब्द बोलली नाही. मी ते मिक्सरच्या मागे सरकवलं आणि तीन दिवसांनी वाचलं. खणाच्या प्रसंगाशी आले तेव्हा बेनचा मला अतोनात राग आला. किती तो कोडगेपणा, सरळ 'हो' म्हणायला काय जातं! मग पान उलटताना माझ्याच बोटाला भाजल्याचा डाग दिसला, दिवाळीतला.

या पुस्तकाबद्दल लोक 'मोठं होण्याची गोष्ट' असं म्हणतात. मराठीत त्याला नीट शब्दसुद्धा सापडेना मला. 'वयात येणं' म्हणावं तर ते भलतीकडेच जातं. 'मुलगी शहाणी झाली' असं आमची आजी म्हणायची, पण ते शहाणपण बाराव्या वर्षी आपोआप येणारं. 'सज्ञान' कोर्टात. 'प्रौढ' म्हटलं की साक्षरतेचा वर्ग डोळ्यांसमोर येतो. बेन तिशीचा आहे, नोकरी करतो, घरभाडं भरतो, सगळ्या विषयांवर त्याला मतं आहेत, आणि स्वतःविषयीचं एक साधं वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. त्याला बघताना मला आपली तिशीतली मुलं आठवली नाहीत. ती बिचारी बरंच बोलतात, आपल्याशी नाही एवढंच. अ‍ॅलिस घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून बेनला आपला मित्र म्हणून त्यांच्यासमोर नेते. तो प्रसंग विनोदी आहे, मी मोठ्याने हसले. आणि मग आपल्या ओळखीतली किती 'रूममेट' मंडळी वर्षानुवर्षं एकाच घरात राहतात, ते मोजायला लागले. एका हाताची बोटं पुरली नाहीत.

बेनला शेवटी काय कळतं, असं मला फोनवर एकीने विचारलं. तो परतीच्या विमानात बसलेला असतो आणि खिडकीतून बाहेर बघतो. पुढचं तुम्हीच वाचा. मला एक वाटतं, लेकीला वेगळंच वाटतं, आणि आमचं भांडण अजून चालू आहे.

तर समितीला माझं म्हणणं असं. निर्णय बदला असं मी म्हणत नाही. या पुस्तकाऐवजी तुम्ही ठरवलेलं आत्मचरित्रच बैठकीला घ्या, मीही वाचून येईन. पण त्याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी तीनला, हे पुस्तक माझ्या घरी वाचलं जाईल. माझ्याकडे एक प्रत आहे, दुसरी लेक आणणार आहे. लायब्ररीत मिळालं तर तुम्हीही घेऊन या. पन्नास मिनिटांत वाचून होतं, त्यामुळे आधी वाचायची सक्ती नाही. ज्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही त्यांना फुग्यांतलं वाचून दाखवीन, चौकटी मात्र ज्याच्या त्याने बघायच्या.

लेक येणार आहे. तिचा मित्रही येणार आहे, त्याची ड्यूटी पाचला संपते. म्हणजे तुम्हाला आधीचे दोन तास मोकळेपणाने बोलता येईल, किंवा नंतरचे. आंबोळ्या सून करणार आहे, काळ्या वाटाण्यांची उसळ मी. तिखट कमी हवं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.

क्लिपा आणू नयेत. आमच्याकडे आहेत, पण त्या मी चिवड्याच्या पाकिटांना लावल्या आहेत.

आपली,
गटाची सोळा वर्षांची सभासद
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया